दोन वेगांचा मेळ : यंत्रावरील क्विल्टिंग आणि सराव

कापडाच्या दोन थरांमध्ये कापसाचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर घालून हे तिन्ही थर टाक्यांनी एकजीव करण्याच्या कामाला क्विल्टिंग म्हणतात. महाराष्ट्रातील गोधडी आणि वाकळ याच कुळातील असल्या, तरी जुन्या लुगड्यांच्या घड्या धावदोऱ्याने जोडणाऱ्या हाताला जी सवड असते, ती यंत्रापुढे बसलेल्या हाताला नसते. हाताची सुई मनात येईल तेव्हा थांबते, यंत्राची सुई मोटर चालू असेपर्यंत खालीवर होतच राहते. तरीही यंत्रावरचे काम म्हणजे बिनकष्टाचे काम, हा समज अमेरिकेतील क्विल्टकारांतही दीर्घकाळ टिकून होता. केंटकी राज्यातील पडूका येथे १९८९ साली अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर क्विल्ट केलेल्या कलाकृतीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या समजाला मोठा धक्का बसला.

नेहमीच्या शिवणकामात सुईखालच्या पट्टीतून वर येणारे दाते कापड पुढे सरकवतात आणि टाक्याची लांबी यंत्रच ठरवते. वळणावळणाची नक्षी काढायची असेल, तर मात्र हे दाते खाली उतरवावे किंवा झाकावे लागतात, कापडाला सतत दाबून न धरणारा रफूचा फूट लावावा लागतो, आणि कापड हव्या त्या दिशेला फिरवण्याचा सगळा भार दोन्ही हातांवर येतो. पायमशीनवर रिंग लावून भरतकाम करणारे आपल्याकडचे कारागीर हेच तत्त्व वापरत आले आहेत. या पद्धतीत टाक्याची लांबी दोन वेगांच्या प्रमाणावर ठरते : सुई मिनिटाला ६०० वेळा खाली जात असेल आणि इंचाला १० टाके हवे असतील, तर हातांनी कापड सेकंदाला एक इंच या वेगाने सरकवले पाहिजे. हात झटका देतात तेथे टाका लांबतो आणि टोकाशी घुटमळतात तेथे टाके एकमेकांवर चढतात. सरावाने साधायचा तो मुख्यतः हा मेळ. नक्षीतील कल्पकता नंतरची.

म्हणून एकामागून एक रजया शिवत सुटणे म्हणजे सराव नव्हे. मांजरपाटाच्या दीडेक फूट चौरस तुकड्यांत, प्रत्यक्ष रजईत घालायचे तेच भरण घालून, कापडावर उठून दिसेल असा दोरा वर आणि त्याहून वेगळ्या रंगाचा दोरा बॉबिनमध्ये घ्यावा, म्हणजे एकही दोष लपत नाही. नवशिक्याला नेमका हाच उघडेपणा नको असतो, आणि कापडाच्याच रंगाचा दोरा घेऊन तो स्वतःची समजूत घालतो. तुकडा उलटून पाहणे ही खरी परीक्षा आहे. वरचा दोरा मागच्या बाजूला पापण्यांच्या केसांसारखा ओढलेला दिसला, तर तो कोठे दिसतो हे आधी पाहावे. सरळ रेषेतही दिसत असेल, तर बहुधा वरच्या दोऱ्याचा ताण सैल आहे, केवळ वळणांवरच दिसत असेल, तर हात सुईच्या पुढे धावत आहेत. पहिला दोष ताण जुळवून जातो, दुसरा फक्त सरावाने. (खांदे कानांपर्यंत चढलेले असतील, तर दोन्ही उपाय वाया जातात.)

सरावाच्या क्रमाविषयी शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर केलेला प्रयोग उद्बोधक आहे. एकच हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी सरस ठरले, परंतु काही काळानंतर घेतलेल्या चाचणीत निरनिराळ्या हालचाली सरमिसळ करणारे पुढे गेले. हा प्रयोग शिवणकामावरचा नव्हता. तरीही नागमोडी रेषा, गोलाकार वळसे आणि पाने यांपैकी एकाच नक्षीने अख्खा तुकडा भरण्यापेक्षा त्या आलटून पालटून काढणे हिताचे ठरावे. त्याआधी तीच नक्षी पेन्सिल न उचलता कागदावर गिरवली, म्हणजे पुढची वाट कोणती हा प्रश्न सुई चालू असताना उरत नाही, आणि लक्ष वेगाकडे राहते.

कापडाच्या गतीनुसार टाक्यांची लांबी सारखी राखणारी नियंत्रक साधने आता काही यंत्रांना जोडता येतात. त्यांनी टाके समान होतात. रेषेचे वळण मात्र हातांनाच घ्यावे लागते. तेव्हा असे साधन विकत घेण्यापूर्वी काही महिने त्याच्याविना सराव करावा, हेच शिकणाऱ्याच्या हिताचे आहे.