कारखाना बंद पडला, तरी हक्क उरतो



गेल्या सहा दशकांत या किनाऱ्याचे जीवन पार पालटून गेले आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्रातून वीजनिर्मिती सुरू झाली. महामंडळाच्या तारापूर वसाहतीत, बोईसरच्या परिसरात, रसायने, रंग, औषधी द्रव्ये, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. मासळी आणि शेती यांवर पोसलेल्या गावांतील तरुण पाळीवर जाऊ लागले आणि घरात महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार येऊ लागला.

पगाराबरोबर एक नवी अनिश्चितताही आली. कारखान्यात तयार होणाऱ्या मालाचा भाव पुष्कळदा दूर देशी ठरतो. तोच माल परदेशातून कमी दराने बंदरात उतरू लागला, की प्रथम जादा काम थांबते, मग एक पाळी बंद होते आणि अखेर फाटकावर नोटीस लागते. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. त्यानंतर भारताने १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी आणखी ७१५ वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठविले. ग्राहकाला त्याचा लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्याची नोकरी गेली, त्याचे काय, हा प्रश्न मागे उरतोच.

उद्योगाला संरक्षण, कामगाराला काय?

अमेरिकेने १९६२ च्या व्यापारविषयक कायद्यात या प्रश्नाला थेट उत्तर देण्याचा प्रयत्न केला. आयातीमुळे काम गेले, असे शासनाने प्रमाणित केल्यास त्या कामगारांना प्रशिक्षण आणि निर्वाहभत्ता मिळू लागला. १९७४ मध्ये योजनेच्या अटी शिथिल झाल्या. परंतु मुदत न वाढविल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या कामगारांचे प्रमाणीकरण थांबले. युरोपीय संघाने २००७ पासून अशाच हेतूने स्वतंत्र निधी चालविला आहे.

भारतात आयातीचा फटका बसलेल्या उद्योगासाठी प्रामुख्याने जकातीचा उपाय आहे. देशी उद्योगाला हानी पोहोचविणाऱ्या आयात मालावर सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ अन्वये जादा शुल्क बसविता येते. पोलादाच्या काही सपाट उत्पादनांवर एप्रिल २०२५ मध्ये २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते शुल्क बसविण्यात आले, हे त्याचे ठळक उदाहरण होय. औषधी द्रव्यांच्या देशी उत्पादनास प्रोत्साहन देण्यासाठी मार्च २०२० मध्ये केंद्राने ६,९४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हे उपाय कारखाना टिकविण्याचे आहेत. कारखाना टिकलाच नाही, तर कामगाराला वेगळ्या दारी जावे लागते.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या सार्वजनिक कारखान्यातून १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पुढे चीनमधून येणाऱ्या स्वस्त पेनिसिलिनपुढे देशातील मूळ द्रव्याचे उत्पादन टिकेनासे झाले. कंपनी तोट्यात गेली, वेतने थकली. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कर्मचाऱ्यांची देणी भागविण्यासाठी तिला २८०.१५ कोटी रुपयांचे कर्ज मंजूर केले. कंपनी शासनाची होती, म्हणून शासन मालकाच्या नात्याने पुढे आले. खासगी कारखान्यातील कामगाराच्या पाठीशी असा मालक नसतो. त्याचा आधार कायदा आणि विमा हाच होय.

कायद्याने दिलेला आधार

आयातीमुळे बेकार झालेल्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र योजना नाही. नोकरी का गेली, यापेक्षा ती कोणत्या रीतीने गेली, याला आपल्या कायद्यात महत्त्व आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील तरतुदींची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करावयाची, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. दहा वर्षे सेवा झालेल्याची ही भरपाई दीडशे दिवसांच्या वेतनाइतकी होते. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्प्रशिक्षणासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरावयाचे असून ते ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यावर जमा व्हावे, अशी तरतूद आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालकाच्या आवाक्याबाहेरील अटळ कारणाने कारखाना बंद पडला, तर भरपाई तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित राहते. परंतु केवळ आर्थिक तोटा किंवा न खपलेला साठा ही अटळ कारणे मानू नयेत, असे कायदा स्पष्ट सांगतो. आयातीच्या स्पर्धेत कारखान्याचे नेमके हेच होते. तोटा येतो आणि गोदामे भरून राहतात. म्हणून “परदेशी मालाने आम्हाला बुडविले” एवढ्या उत्तराने भरपाई कमी होत नाही.

दुसरा आधार विम्याचा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. ठरावीक काळ वर्गणी भरलेल्या कामगाराची नोकरी कारखाना बंद झाल्याने वा कपातीने गेली, तर पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के व पुढील बारा महिने २५ टक्के भत्ता मिळतो. अठरा हजार पगार असणाऱ्याला ढोबळमानाने वर्षभर दरमहा नऊ हजार आणि पुढे साडेचार हजार रुपये. त्या काळात कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये सुरू झालेली पुनर्वसन निधी योजना १ एप्रिल २०१७ पासून याच योजनेत विलीन झाली आहे.

नोंद नाही, तर हक्क नाही

असे असूनही बंद फाटकाबाहेर रिकाम्या हाताने उभे राहणारे कामगार दिसतात. याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत.

पहिले, राजीनामा. हिशेब लवकर मिळेल, या आशेने कामगार समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो. तो कागद राजीनाम्याचा असेल, तर कपातीची भरपाई आणि विम्याचा भत्ता दोन्ही हातचे जाण्याचा धोका असतो. कारण स्वतः होऊन सोडलेली नोकरी ही कपात ठरत नाही.

दुसरे, ठेकेदारी. अनेक वर्षे एकाच यंत्रावर राबलेला माणूस कागदोपत्री आज या, तर उद्या त्या ठेकेदाराचा असतो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही, तरी ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. परंतु ही गोष्ट कारखाना चालू असतानाच मागून घ्यावी लागते.

तिसरे, जपून न ठेवलेले कागद. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठी, विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांवरच पुढचा सारा दावा उभा राहतो. नोकरी गेल्यानंतर मिळणारी मदत नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनच्या नोंदीवर अवलंबून असते, हे या साऱ्याचे सार होय.

हे काम शासकीय कार्यालयात बसून होणारे नाही. गावातील कोण कोणत्या कारखान्यात जातो, हे ग्रामपंचायतीला ठाऊक असते. सदस्यांनी ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी हा विषय घ्यावा आणि विमा क्रमांक नसलेल्या कामगारांची यादी करावी. शिक्षकांनी दहावी-बारावीच्या मुलांना वेतनचिठ्ठी वाचावयास शिकवावी. उद्या बोईसरच्या फाटकातून आत जाणारी मुले हीच आहेत. अधिकाऱ्यांनी कपातीची वार्ता कानी येताच कामगारांना गाठावे आणि सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविण्याची सोय करावी.

समुद्रात जाणारा कोळी परतताना नव्हे, तर निघतानाच होडी तपासून घेतो. कारखान्यात जाणाऱ्याच्या पाठीशीही गावाने तीच सावधगिरी उभी करावयास हवी. परदेशी मालाचा भाव घिवलीत ठरत नाही. गावातील प्रत्येक कामगाराची नोंद मात्र घिवलीत तपासता येते, आणि ती पुढच्या ग्रामसभेपूर्वी तपासून व्हावी.