वाटीभर अंदाज



चाकण म्हटलं की जुन्या माणसांना कांद्याचा बाजार आठवतो आणि नव्या माणसांना कारखाने. इतिहासाची आवड असणाऱ्यांना आमचा संग्रामदुर्ग आठवतो. १६६० साली शाहिस्तेखानाच्या मोठ्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. मी आज बोलणार आहे ते चाकणमधल्या एका स्वयंपाकघराबद्दल. ते माझ्याच घरातलं आहे, आणि तिथे मी पहिल्याच दिवशी हत्यार खाली ठेवलं होतं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो. कविता लिहितो, दोन लहान संग्रह निघाले आहेत. पोटासाठी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. बेअरिंग, नटबोल्ट, तेलाचे डबे मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे आणि कार्डावर नोंद करायची. आम्ही घरात दखनी बोलतो आणि बाहेर मराठी. पण वयाची पन्नाशी उलटेपर्यंत या दोन्ही भाषांत मी स्वयंपाकाविषयी एकच वाक्य बोलत आलो, 'जेवायला काय आहे?'

केकशी माझी ओळख मात्र जुनी. म्हणजे केकच्या चुलतभावंडाशी, नानकटाईशी. माझ्या लहानपणी घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता. ईद जवळ आली की अम्मी रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. दिवाळीआधी आमच्या आळीतल्या सगळ्या काकू, मावश्या त्याच भट्टीवर असायच्या. आपापलं सामान द्यायचं, आपल्यासमोर मळून घ्यायचं आणि पत्रे आत गेले की बाकावर बसून राहायचं. कुणाचा पत्रा कुठला हे कळावं म्हणून त्यावर चिठ्ठी ठेवत. माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलेलं लोकांनी लक्ष देऊन वाचलं ते पहिल्यांदा त्या भट्टीवर. ही नानकटाई डचांच्या सुरतेतल्या बेकरीतून आपल्याकडे आली असं सांगतात. मला तेव्हा ती बेकरीच्या मागच्या दारातून येते एवढंच ठाऊक होतं.

खरा केक यायचा पुण्याहून. अब्बा कामानिमित्त कॅम्पात गेले की ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीतून मावा केक आणायचे. कयानी १९५५ सालची. अब्बा तिच्या श्रुजबेरी बिस्किटांचं कौतुक करायचे, पण आम्हा भावंडांचा डोळा केकवर. एका केकचे सहा तुकडे व्हायचे आणि सुरी धरणाऱ्याला शेवटचा तुकडा मिळायचा. त्यामुळे तुकडे अगदी सारखे पडत.

लग्न झालं आणि पत्नीने, आमच्या हिने, घरातच केक करायचा घाट घातला. अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला. झाकणाला काचेची खिडकी, आत विजेची तार आणि उष्णता कमीजास्त करायची काही सोय नाही. पहिला केक खालून करपला आणि मध्ये कच्चा राहिला. मी म्हटलं, "वीट झाली आहे, बांधकामाला चालेल." ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा केला. पुढे भारनियमनाचे दिवस आले. तेव्हा तिने कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला वाळू पसरून, वर ताटली ठेवून गॅसवर केक करायला सुरुवात केली. कुकरात पाणी नाही, फक्त तापलेली वाळू. तिची एक पद्धत होती. दर वेळी ती एकच गोष्ट बदलायची. या खेपेला साखर कमी, पुढच्या खेपेला आच मंद. लिहून काही ठेवत नसे. कपाटात कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं 'रुचिरा' होतं. त्यातली वाटी-चमच्याची मापं तिला आवडायची. पण केकच्या वाटेवर तिचं बोट धरायला दुसरं कुणी नव्हतं.

दरम्यान आमचं गाव बदलत होतं. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, म्हाळुंगे सगळीकडे चाळी आणि इमारती उठल्या. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा, केरळ, कुठून कुठून माणसं आली. ती आजी-आजोबांना गावी ठेवून आली होती, पण मुलांचे वाढदिवस बरोबर घेऊन आली होती. आधी आमच्या इमारतीतून, मग शेजारच्या इमारतींमधून हिला विचारणा होऊ लागली, "भाभी, एक किलोचा कराल का?" क्रीमने नाव लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगतो, माझ्या कवितांपेक्षा माझं हे लिखाण जास्त लोकांनी वाचलं आहे. आणि ते वाचून प्रत्येक जण हसला आहे.

शेजारच्या काकूंच्या घरी अंडं चालत नसे. त्यांच्यासाठी ही अंड्याऐवजी दही घालायची. दह्यातलं आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, त्याचे बुडबुडे केक फुलवतात. हे शास्त्र मला खूप नंतर कळलं. मी एवढंच पाहायचो की बिनअंड्याच्या केकचं भांडं वेगळं, टिन वेगळा, फेटायचा चमचाही वेगळा. त्यांच्यावर तिने हिरव्या रंगाचा ठिपका दिला होता.

श्रोतेहो, तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप पडला. पॅरालिसिसचा झटका होता. ती वाचली, चालू लागली, पण उजव्या हातातली ताकद गेली आणि शब्द सावकाश येऊ लागले. मुलगी सासरी नगरला. ती महिनाभर राहिली, पण तिलाही तिचं घर आहे. ती गेली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि मला मीठ कुठे असतं ते सापडेना. कारखान्यातल्या अडीच हजार वस्तू कुठल्या रॅकवर आहेत ते मी झोपेतही सांगेन.

खिचडीपासून सुरुवात केली. ही दाराशी खुर्ची घेऊन बसायची आणि सांगायची. मी विचारायचो, "पाणी किती?" ती म्हणायची, "अंदाजे." "मीठ?" "अंदाजे." एकदा मी वैतागून म्हणालो, "अंदाजे म्हणजे किती ते तरी सांग!" तिने डोळे मिटले. वाटलं, चिडली. पण ती आठवत होती. जे हाताला माहीत होतं ते तिला आता तोंडाने सांगावं लागत होतं, आणि तोंडही साथ देत नव्हतं.

सहा महिन्यांनी आमटी, भात, भाजी जमू लागली. पोळ्या अजूनही नकाशासारख्या होतात. मग एक दिवस तीच म्हणाली, "केक करू." करू म्हणाली, करा नाही म्हणाली. ते मला फार बरं वाटलं.

माझ्या चुका ऐका, तुमच्या उपयोगी पडतील. पहिल्या केकमध्ये बेकिंग पावडरऐवजी तेवढाच खायचा सोडा घातला. दोन्ही पांढरे. पण सोड्याची ताकद बेकिंग पावडरच्या तिपटीहून जास्त असते. केक काळपट झाला आणि चवीला साबणासारखा. दुसऱ्या वेळी, चांगलं फेटावं म्हणून मैदा घातल्यावरही दहा मिनिटं फेटत राहिलो. ओल्या मैद्यात ग्लूटेनची जाळी तयार होते, ती फेटून फेटून घट्ट होते. कणकेला हवी तीच गोष्ट केकला नको असते. तो केक चावताना माझी दाढ दुखली. तिसऱ्या वेळी पंधराव्या मिनिटाला दार उघडून पाहिलं. आतली उष्णता गेली, केकचा सांगाडा अजून पक्का झाला नव्हता, मधोमध खड्डा पडला. ती म्हणाली, "वीट." अठ्ठावीस वर्षांनी तिने तो शब्द परत केला.

मग माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. मी वजनकाटा विकत आणला. हिची सगळी मापं एका स्टीलच्या वाटीत होती, काठाला पोचा आलेली जुनी वाटी. मी म्हटलं, या वाटीचं वजन काढू आणि सगळं ग्रॅममध्ये लिहू. मी मैदा भरला: ९२ ग्रॅम. पुन्हा भरला: ११०. तिसऱ्यांदा ९९. मैदा चाळून सैल घातला की हलका बसतो, दाबला गेला की जड. म्हणजे माझ्या हातात वाटी तीच, पण माप रोज वेगळं. हिने डाव्या हाताने वाटी मागितली. चमच्याने थोडा थोडा मैदा सोडला, चमच्याच्या पाठीने वरचा काढून टाकला. काट्यावर ९२. पुन्हा ९१. पुन्हा ९२. आणि हा तिचा डावा हात होता, ज्याने तिने आयुष्यात कधी माप घेतलं नव्हतं.

मी काट्याकडे बघत राहिलो. ज्याला मी इतकी वर्षं अंदाज समजत होतो ते नेमकं माप होतं, शेकडो वेळा चुकून, एकेक गोष्ट बदलून बसवलेलं. माझ्या दुसऱ्या संग्रहात मी छापखान्यातल्या जुळणी करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आहेत. हिचं नाव नाही. घरच्यांचे आभार कसले मानायचे, असं तेव्हा वाटलं होतं. खरी गोष्ट अशी की ती काय करते ते मी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवसापासून कवितेच्या वहीत मागच्या बाजूने लिहायला लागलो. तिचा दह्याचा केक तुम्हालाही सांगतो. दीड वाटी मैदा, एक वाटी ताजं दही, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, सपाट एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. दही-साखर आधी घोटायची, मग पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं थांबायचं. दही फसफसलं की तेल, मग चाळलेला मैदा, आणि तो फक्त मिसळेपर्यंत हलवायचा. १८० अंशाला साधारण पस्तीस मिनिटं. सुई घालून पाहा, कोरडी आली की झाला.

काकूंच्या नातवाचा वाढदिवस आला. मी स्वतःहून म्हटलं, केक मी करतो. घाईत हिरव्या ठिपक्याचा टिन सापडेना, दुसऱ्यालाच तूप लावलं. ही म्हणाली, "तो... नको." मी म्हणालो, "अगं, घासलेला आहे, स्वच्छ आहे. त्यांना कोण सांगणार?" ती खुर्चीतून उठली, भिंतीला धरत ओट्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मला... माहीत आहे ना." मी स्टूल घेऊन सगळी फडताळं शोधली. टिन सर्वांत वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. काकूंनी गेल्या वीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, अंडं नाही ना म्हणून. न विचारता त्या का खातात, ते मला स्टुलावर उभं असताना कळलं.

त्या दिवशी गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि विजेच्या दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. केक ओव्हनमध्ये जाऊन अठ्ठावीस मिनिटं झाली आणि वीज गेली. माझा हात दाराकडे गेला. ती म्हणाली, "उघडू नका." आम्ही दोघं ओव्हनसमोर बसलो. आतला दिवा गेलेला, काही दिसत नव्हतं. मला भट्टीवरचा बाक आठवला, पत्रा आत गेल्यावर अम्मी अशीच गप्प बसायची. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "आता." बंद ओव्हनमधल्या उरलेल्या उष्णतेवर केक झाला होता. मधोमध किंचित बसला होता, तिथे आम्ही क्रीम जास्त लावलं.

नाव लिहायला मी कोन हातात घेतला, तर तिने तो मागितला. उजव्या हाताने. फिजिओथेरपीच्या बाई तिला रबराचा चेंडू दाबायला सांगतात, तो ती कंटाळून टाकून देते. तिने कोन दाबला. पहिलं अक्षर इतकं वाकडं आलं की ते कुठलं ते मलाही कळेना. मी म्हटलं, "पुसून मी लिहू का?" ती म्हणाली, "राहू दे." तिने उरलेली दोन अक्षरंही काढली. नातवाने केक पाहिला आणि आजीला विचारलं, "हे चाचीने लिहिलं?" काकू हो म्हणाल्या. मग त्याने त्या अक्षरांचा तुकडा कुणाला कापू दिला नाही, स्वतःच्या ताटलीत घेतला.

आता आम्ही केकच्या ऑर्डरी घेत नाही. गुरुवारी एक केक करतो, कधी काकूंकडे जातो, कधी आम्हीच खातो. वही अर्धी भरली आहे. अजून तिच्या बिर्याणीचा मसाला लिहायचा राहिला आहे, त्यात "अंदाजे" हा शब्द नऊ वेळा आला आहे.

श्रोतेहो, तुमच्याही घरात अशी एखादी पोचा आलेली वाटी असेल. तिचं माप एकाच माणसाच्या हाताला ठाऊक असेल. आज जेवण झालं की त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, दाखवशील का कशी भरतेस ते. माझ्यासारखा उशीर करू नका.



(नभोवाणीवरील भाषण, संपादित)