आधी तपासणी, मग पथ्य



मांजरसुंब्याच्या चौरस्त्यावर जेवायला बसले की एका ताटात ज्वारीची भाकरी दिसते आणि शेजारच्या ताटात गव्हाची चपाती. भाकरी थापावी लागते, चपाती मात्र हवी तितकी पातळ लाटता येते. हा गुण गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या चिवट प्रथिनाचा. काही माणसांत याच प्रथिनाच्या निमित्ताने शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्या लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे तेथील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजतात, आणि पोटभर जेवूनही माणूस उपाशी राहतो. हा सिलिअॅक रोग.

याचे मूळ हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी ओळखले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा ही आजारी मुले सुधारली. पाव परत आला आणि ती पुन्हा खालावली. डिके यांचा प्रबंध १९५० साली निघाला.

हा रोग किती जणांना असतो? जगात सरासरी हजारी सात. आपल्या देशात तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या रोगाची प्रतिद्रव्ये उत्तरेत हजारी सुमारे बारा जणांच्या रक्तात आढळली, दक्षिणेत हजारी एकाच्या. रोगाला वाव देणारी आनुवंशिक ठेवण मात्र दोन्हीकडे शंभरात छत्तीस-अडतीस जणांत होती. मग अंतर कशाचे? उत्तरेतला माणूस रोज सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५. आपण बालाघाटातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरीवर वाढलो. आता घरोघर चपाती, पाव आणि बिस्किटे आली आहेत. म्हणून हा विषय आपलाही आहे.

रोग नेहमी जुलाबांच्याच रूपाने येत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, मुलाची उंची खुंटते, पोट नगाऱ्यासारखे आणि हातपाय काटकुळे होतात. आपण मात्र जंत म्हणतो, नाहीतर दृष्ट काढतो. अशा वेळी रक्ताची तपासणी करावी. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची ‘आयजीए’ जातीची प्रतिद्रव्ये तीत पाहतात. काहींच्या रक्तात ही जातच कमी असते, म्हणून तिचे एकूण प्रमाणही मोजतात. पुढे दुर्बिणीने लहान आतड्याच्या आरंभीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुलांत प्रतिद्रव्ये मर्यादेच्या दहापट असली आणि दुसऱ्या नमुन्यानेही तेच सांगितले, तर तज्ज्ञ हे तुकडे टाळू शकतात. रोग्याच्या भावंडांची, आईवडिलांची आणि मुलांचीही तपासणी व्हावी. त्यांच्यात शंभरी सात-आठ जणांना तो निघतो.

आता आमचे मुख्य सांगणे. कोणाच्या सांगण्यावरून तपासणीआधीच गहू सोडू नका. गहू सुटला की प्रतिद्रव्ये ओसरतात, आतडे भरून येऊ लागते, आणि रोग असूनही अहवालात ‘नाही’ येते. ज्या घरी मुळातच भाकरी चालते, त्यांनी आपण गहू किती खातो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

निदान पक्के झाले की पथ्य जन्मभराचे. गहू, रवा, मैदा, शेवया, जव सारे वर्ज्य. गव्हाच्या पिठात कालवलेला हिंगही. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली तर पथ्य तिथेच मोडते. मात्र ज्या पथ्यासाठी इतर देशांतल्या रोग्याला महागडे पाव शोधावे लागतात, ते आपल्या तव्यावर आयतेच भाजले जाते. ज्याला गरज आहे त्याने ते निष्ठेने पाळावे. ज्याला नाही त्याने चपाती खुशाल खावी.