अर्जावर नाव कुणाचं?

(परदेशी परवाना परीक्षेची तयारी करणाऱ्या परिचारिकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी परिचारिका नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. औषधांचे डोस आणि ईसीजी तुम्ही एकमेकींना शिकवताच आहात, मला एनक्लेक्स परीक्षेच्या आजूबाजूच्या गोष्टींवर बोलायचं आहे.

आपल्याकडे तुमची नोंदणी शिक्षणाच्या परीक्षांवर झाली, वेगळी परवाना परीक्षा तुम्ही दिलेली नाही. अमेरिकेत ती द्यावीच लागते. कॅनडातल्या बहुतेक प्रांतांनी २०१५ पासून आणि ऑस्ट्रेलियानं परदेशात शिकलेल्यांसाठी २०२० पासून तीच परीक्षा धरली आहे.

अभ्यास कुठून सुरू करायचा, असं विचारता. मी म्हणते, नावापासून. हसू नका. ज्या नावानं अर्ज भरलात तेच नाव पासपोर्टवर हवं. जुळलं नाही, तर केंद्राच्या दारातून परत पाठवतात आणि फी बुडते. ही फी मूळची २०० डॉलर, वर परदेशातल्या केंद्राचा आकार वेगळा. आता आपल्या बाईचं पाहा. जीएनएमच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मध्ये वडील. कौन्सिलच्या नोंदणीतही तेच. लग्न झालं, की आडनाव बदललं, मधलं नाव नवऱ्याचं आलं, काही घरांत तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदललं. पासपोर्ट काढताना सासरच्यांनी नवं नाव लिहून दिलं. आता ती एकच बाई कागदावर दोन बायका झाली! पुरुषाला या भानगडीत कधी पडावं लागत नाही. मग विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, यात महिने जातात. म्हणून ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांना सांगते, नाव बदलायची कायद्यानं सक्ती नाही. घरात हे आधीच बोलून ठेवा.

आता प्रश्नपत्रिकेबद्दल थोडं, कारण तिथंही मला बाईचाच प्रश्न दिसतो. चार रुग्ण दिलेले असतात. एकाला टाके दुखतायत, एकीची साखर तपासायची आहे, एक घरी जायच्या कागदांची वाट पाहतोय आणि एकीला अचानक धाप लागली आहे. आधी कुणाकडे जाल? हे तुम्हाला येतं. पण पुढं ‘तुम्ही पहिल्यांदा काय कराल’ विचारलं, की आपल्या गटातल्या कितीतरी जणी ‘डॉक्टरांना कळवू’वर खूण करतात. ज्ञान कमी पडतं म्हणून नव्हे. वॉर्डात वर्षानुवर्षं ‘सिस्टर, विचारल्याशिवाय काही करू नका’ हेच ऐकलंय. तिला बसतं करणं, ऑक्सिजनचं प्रमाण पाहणं हे तुमचंच काम आहे, आणि परीक्षा तेच विचारते. तयारीचा हा भाग पुस्तकात सापडत नाही, मोठ्यानं बोलूनच तो अंगी येतो. म्हणून रविवारी आपण एकेक प्रश्न घेऊन भांडतो. भांडा!

बाकी तांत्रिक गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. पॅरासिटामॉलला तिथं असिटामिनोफेन म्हणतात, ॲड्रिनलीनला एपिनेफ्रिन. उत्तर बरोबर आलं, की संगणक पुढचा प्रश्न अवघड देतो, त्यामुळे सगळंच कठीण वाटलं तर घाबरू नका. मागे जाता येत नाही. ८५ प्रश्नांवर यंत्र थांबलं म्हणजे नापास, असंही नाही.

पैशांचं मात्र नीट ऐका. एजंट सांगतो, पास झालीस की उडालीस. तसं नसतं. भारतात जन्मलेल्यांची अमेरिकेच्या हिरव्या कार्डाची रांग कित्येक वर्षांची आहे. तरी लोक सोनं गहाण टाकतात, आणि कर्ज नवऱ्याच्या नावानं असलं तरी फेडते हीच, नाईट करून. करार वाचल्याशिवाय सही नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही हाती द्यायची नाहीत, झेरॉक्स द्या.

‘बायकांना परदेशी कशाला पाठवता, इथं लढा ना’ असं काही कार्यकर्त्या मला म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६ साली शिफारस केली, की ५०पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला निदान २०,००० रुपये मिळावेत. आपल्या गटात त्याहून कमी घेणाऱ्या आजही आहेत. ही लढाई आपली आहेच, पण तोवर एखादीनं जायचं ठरवलं तर तिला अडवणारे आपण कोण?

घरात अभ्यासाला दोन तास मिळत नाहीत, हे तुम्हा बहुतेकींचं दुखणं. नाईटहून आलं की डबे, मुलांची शाळा, पाणी भरणं. त्यासाठी दर रविवारी दहा ते एक मुलं सांभाळायला आमच्या दोघी जणी इथंच बसतील. येत्या रविवारी येताना पासपोर्ट, नोंदणीचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र आणा. आधी तिन्हींवरची नावं एकमेकांशेजारी ठेवून पाहू, प्रश्न त्यानंतर.