जंतूंची मसलत
(कुंभार पिंपळगाव येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



तेल्या डाळिंबाला ग्रासतो आणि खैऱ्या लिंबू-मोसंबीला, हे या भागातील बागाइतदारांना मी सांगावे असे नाही; परंतु या दोन्ही व्याधी झँथोमोनास नामक एकाच कुळातील जंतूंच्या करणीने उद्भवतात, आणि या कुळातील जंतूंची चढाई त्यांच्या आपसांतील मसलतीवर पुष्कळ अंशी अवलंबून असते, ही गोष्ट विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

या मसलतीचा सुगावा शेतात नव्हे, समुद्रात लागला. 1970 साली अमेरिकेत नील्सन आणि हेस्टिंग्ज या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, काही सागरी जंतू विरळ असता अंधारात राहतात आणि त्यांची दाटी झाली म्हणजे एकाएकी उजळतात. कारण प्रत्येक जंतू एक द्रव्य बाहेर टाकतो, आणि त्या द्रव्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेस पोहोचताच प्रकाशाची योजना सर्वांत एकदम सुरू होते. ग्रामसभेत गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव मांडता येत नाही, तसाच हा कारभार. रोगजंतूंनाही तो सोयीचा असतो. एकट्यादुकट्याने हल्ला केला तर शक्ती वाया जाते आणि वनस्पती सावध होऊन आपला बंदोबस्त करते.

मग जंतूला न मारता त्याची मसलतच मोडली तर? सिंगापुरातील संशोधक लियान-हुई झांग आणि त्यांचे सहकारी यांनी मातीत राहणाऱ्या बॅसिलस जातीच्या एका जंतूत मसलतीचे असे एक संकेतद्रव्य निकामी करणारे विकर शोधून 2000 साली प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे जनुक बटाट्याच्या व तंबाखूच्या रोपांत घालून, मऊकूज आणणाऱ्या जंतूंना ती रोपे दाद देत नाहीत, हे सिद्ध केले. विषाने जंतू मारले असता वाचलेल्या चिवट जंतूंचीच प्रजा माजते. नुसता संवाद तोडला तर तसा दाब पुष्कळ कमी पडतो. अर्थात ही निर्भयतेची सनद नव्हे. संवाद रोखणाऱ्या एका औषधालाही जंतू दाद देईनासे होऊ शकतात, असे 2012 साली आढळले.

त्याहून मोठी अडचण अशी की, सर्व जंतूंचे संकेतद्रव्य एक नाही. झँथोमोनासचे द्रव्य मेदाम्लाच्या जातीचे असून त्याची रासायनिक रचना झांग यांच्याच मंडळींनी 2004 साली निश्चित केली. बटाट्यावर गुण देणारे विकर त्यावर चालत नाही. तेव्हा तेल्या-खैऱ्यासाठी निराळा तोडगा हवा, आणि तो हाती येईपर्यंत निरोगी रोपे निवडणे, रोगट फांद्या छाटून जाळणे आणि बोर्डो मिश्रण वेळेवर फवारणे यांना रजा देता येणार नाही.

मात्र बटाट्याचा तोडगा मातीतल्याच एका सामान्य रहिवाशाकडे सापडला, हे ध्यानी ठेवावे. आपल्या बागांच्या मातीतही असे रहिवासी असण्याचा संभव आहे. त्यांची झडती घेणे हे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे आणि इथून तिकडे शिकायला जाणाऱ्या तरुणांचे काम आहे, आणि त्यांना त्यासाठी माती देणे हे आपले.