खेळायला छप्पर हवं, आणि किल्ली मुलींकडेही
(युवक-युवती मेळाव्यातील भाषण)



'तालीम' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात तर पेठापेठांत तालमी आहेत, त्यात बाबूजमाल तालीमही आहे. म्हणजे छपराखाली शरीर घडवायची जागा ही काही नवी फॅशन नाही. मग आज आपण इनडोअर हॉल मागतो तेव्हा मोहल्ल्यातले बुजुर्ग "ही चैन कशाला?" असं का विचारतात?

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्यांनी पाण्यासाठी रांगा लावल्या, तुंबलेल्या गटारांसाठी अर्ज केले, त्यांना खेळ शेवटी आठवणारच. पण त्यांना अदबीनं एक गोष्ट सांगा. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या त्या यादीत पाणीपुरवठा आहे, तशीच उद्यानं आणि क्रीडांगणंही आहेत. एक मागितलं म्हणून दुसरं सोडायचं नसतं.

आता मैदान असताना हॉल कशाला? जून ते सप्टेंबर मैदानात चिखल, एप्रिल-मेमध्ये ऊन. उरलेल्या महिन्यांत मैदान कुणाचं असतं? मुलांचं. मुलांना कट्टा आहे, मैदान आहे, वर्गणी काढून टर्फ आहे. मुलींना गच्ची, तीही शेजारी बघत नसतील तर. घरकाम उरकलेल्या अम्मीला किंवा गुडघे दुखणाऱ्या नानीला तेवढंही नाही. छप्पर, दिवे, स्वच्छ संडास आणि आतून लागणारी कडी, एवढ्यानं त्यांच्यासाठी दार उघडतं.

कुणी दीनचा हवाला देऊन अडवलं, तर भांडू नका. पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्येच आहे. तेवढी आठवण द्या.

आणि आपल्या मुली काय करू शकतात? निजामाबादची निखत झरीन 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीत बॉक्सिंगची विश्वविजेती झाली. चेन्नईची काझिमा, रिक्षाचालकाची मुलगी, 2024 मध्ये अमेरिकेतून कॅरममधलं सुवर्ण घेऊन आली. मुंब्र्यात 'परचम'च्या मुली फुटबॉल खेळल्या. कॅरमला तर एक खोली पुरते. ती खोलीसुद्धा आपण मुलींना दिलेली नाही, ही चूक पालिकेची नाही, आपली आहे.

आता कामाचं बोलू. "हॉल द्या" एवढंच निवेदन फाइलमध्ये पडून राहतं. मोजमापासकट मागा. बॅडमिंटन कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर असतं. कबड्डीचं मैदान पुरुषांचं 13 बाय 10, महिलांचं 12 बाय 8 मीटर. कडेला मोकळी जागा सोडून नीट आखलं तर एकाच हॉलमध्ये दोन्ही बसतात. पण उंची आधी विचारा. समाजमंदिरासारखं बुटकं छत टाकलं की तिथं शटल उडत नाही, फक्त पंगती बसतात.

दुसरं, शहराचा विकास आराखडा बघा. आपल्या भागात क्रीडांगणाचं आरक्षण कुठं आहे? नगररचना कायदा 1966 चा आहे. त्याच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित खासगी जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं. आपण गप्प बसलो तर जागा अशीच जाते. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, उत्तराला साधारण 30 दिवसांची मुदत आहे.

तिसरं, आणि सगळ्यात अवघड. हॉल मिळाल्यावर तो शादीखाना होऊ द्यायचा नाही. आधी एक निकाह, मग एक वाढदिवस, मग कुणा नेत्याचा सत्कार. वर्षभरात जाळी कपाटात जाते आणि खुर्च्या बाहेर येतात. म्हणून वेळापत्रक आत्ताच लिहून मागा: मुलींचे तास कोणते, बायकांचे कोणते, ज्येष्ठांचे कोणते. संध्याकाळचे चांगले तास सगळे मुलांना आणि मुलींना भर दुपार, असं चालणार नाही. देखरेख समितीत निम्म्या मुली हव्यात आणि एक किल्ली त्यांच्याकडे.

शेवटची गोष्ट. निवेदनावर फक्त आपल्या मोहल्ल्याच्या सह्या नकोत. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या पोरांनाही पावसाळ्यात खेळायला जागा नाही. त्यांच्या घरी जा, चहा प्या, सही घ्या. हॉल आपल्या भागात झाला तरी तो सगळ्यांचा असेल. एकमेकांशी खेळलेली पोरं उद्या अफवा उठली तर आधी एकमेकांना फोन करतील.

घरी गेल्यावर पहिली सही अब्बांची नको, बहिणीची घ्या. आणि तिला विचारा, तुला काय खेळायचंय? कदाचित हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलेलाच नसेल.

जय हिंद, जय संविधान.