अंगणातील माती

श्रोतेहो, नव्या शाळेची इमारत उभी राहिली, की व्यवस्थापक मंडळींपुढे अखेरीस एक लहानसा प्रश्न येतो. पटांगणाचे काय करावयाचे? वर्गांना फळे आलेले असतात, खिडक्यांना गज बसलेले असतात, आणि थैली बहुतेक रिकामी झालेली असते. मग पटांगणात सिमेंटचे ठोकळे बसवावेत, एका कोपऱ्यात लोखंडी घसरगुंडी व दोन झोपाळे उभे करावेत, असा ठराव होतो आणि सभा संपते. ठराव करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. चिखल होऊ नये, गणवेश मळू नयेत, झाडलोट सोपी व्हावी, एवढीच त्यांची इच्छा असते. तथापि त्या एका ठरावाने पुढील कित्येक वर्षे तेथे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातून माती काढून घेतली जाते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हीच गोष्ट डेन्मार्कमधील एका उद्यानरचनाकाराच्या ध्यानात आली होती. त्याचे नाव सी. टी. सोरेन्सेन. त्याने मुलांसाठी सुरेख क्रीडांगणे आखली होती; परंतु मुले ती सोडून शेजारच्या अर्धवट बांधलेल्या घरांपाशी, फळ्यांच्या व विटांच्या ढिगाऱ्यांत जाऊन रमतात, असे त्याने पाहिले. दुसरा एखादा मुलांवर रागावला असता. सोरेन्सेनने आपल्या कलेलाच दोष दिला. १९३१ साली एका पुस्तकात त्याने सुचविले, की मुलांना भंगार सामानाचेच एक क्रीडांगण देऊन पाहावे. पुढे बारा वर्षांनी, १९४३ साली, देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप येथील कामगारवस्तीत ते साकार झाले. भोवती मातीचा उंच बांध, त्यावर झुडपे, आणि आत फळ्या, विटा, दोर, जुनी चाके, कुदळी व फावडी. देखरेखीस एक प्रेमळ जाणता माणूस. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. मुलांनी तेथे खड्डे खणले, झोपड्या बांधल्या, त्या मोडल्या व पुन्हा बांधल्या. आपण जे जे घडविले, त्यांत हे क्रीडांगण दिसायला सर्वांत कुरूप, पण आपल्या दृष्टीने तेच सर्वांत सुंदर, अशा आशयाचे उद्गार सोरेन्सेनने पुढे काढले.

१९४६ साली इंग्लंडमधील लेडी ॲलन या बाईंनी एम्ड्रुपला भेट दिली. त्या स्वतः उद्यानरचनाकार होत्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला. लंडनमध्ये बाँबहल्ल्यांनी मोकळ्या पडलेल्या जागा होत्याच. त्यांपैकी काही जागांवर अशी क्रीडांगणे निघाली. ज्या भूमीवर मोठ्यांनी विध्वंस केला, त्याच भूमीवर लहानांनी बांधावयास आरंभ केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

यापुढचे पाऊल अमेरिकेत पडले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका प्राथमिक शाळेचे सुमारे दीड एकराचे आवार डांबराने झाकलेले होते. १९७२ च्या सुमारास रॉबिन मूर या रचनाकाराच्या पुढाकाराने मुले, शिक्षक व पालक यांनी मिळून त्या डांबराचा एक भाग उखडला. तेथे डबकी केली, ओहळ वाहविला, झाडे लावली, लाकडाच्या बैठका मांडल्या. उघडी जमीन मिळताच पाखरे व किडे आले, आणि त्यांच्यामागे मुले आली. निसर्गाचा पाठ फळ्यावरून उतरून पायाखाली आला.

अशा जमिनीचा लाभ केवळ मनालाच होतो असे नाही. २०२० साली फिनलंडमधील शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांची पाहणी त्यात होती. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणांत अरण्यातील माती, झुडपे व हिरवळ आणून घातली, आणि मुले रोज त्यात खेळू लागली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील जीवाणूंचे वैविध्य वाढले, व शरीराच्या प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या काही घटकांतही अनुकूल फरक दिसला. प्रयोग लहान आहे. एवढ्यावरून मोठे दावे करू नयेत. परंतु मातीचा स्पर्श म्हणजे केवळ घाण, ही समजूत तपासून पाहण्यास तो पुरेसा आहे.

डेन्मार्क-फिनलंडच्या या वार्ता ऐकून कोणी म्हणेल, की ही परदेशची नवलाई आपल्याला काय कामाची? श्रोतेहो, नीट पाहिले तर ही आपलीच ठेव आहे. आपले खेळ जमिनीतून उगवलेले आहेत. विटीदांडू खेळावयाचा तर जमिनीत गल खणावी लागते. गोट्यांनाही गल लागते. लगोरीला चपटे दगड हवेत, सूरपारंब्यांना वड हवा, भातुकलीला पाने, फुले व चिंचोके हवेत. पावसाळ्यात सळई रुतवीत पुढे जाण्याचा खेळ ओल्या भुईवाचून कसा होणार? सिमेंट पसरले, की हे खेळ कोणी मना न करताच नाहीसे होतात.

आणि दिवाळीतला किल्ला? बेळगावापासून बडोद्यापर्यंत मराठी मुले दगड, विटा, गोणपाट व चिखल जमवून तो उभा करतात. त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवितात. नाताळात गोव्यातील व वसईतील ख्रिस्ती घरांची मुलेही येशूजन्माच्या गोठ्यासाठी अशीच माती कालवितात व धान्य रुजवितात. सोरेन्सेनला जे पुस्तक लिहून सांगावे लागले, ते आपली मुले सणाच्या निमित्ताने करीतच आली आहेत. वर्षातून चार दिवस जे चालते, ते वर्षभर का चालू नये?

आपल्याकडील शिक्षणधुरीणांनीही हे ओळखले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. तेथे त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डीस गेल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, खडे हीच तेथील साधने झाली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम तेथला. १९७५ पासून सरकारी योजनेमुळे तो शब्द देशभर गेला. परंतु आज शहरांतील कित्येक अंगणवाड्या एका खोलीत भरतात आणि त्यांना अंगणच नसते. नाव राहिले आणि वस्तू गेली!

आता प्रश्न असा, की साध्या शाळेने काय करावे? खर्च फारसा नाही. सर्व आवार फरसबंद करण्याऐवजी येण्याजाण्याची वाट तेवढी पक्की करावी. बांधकामात निघालेली माती दूर न टाकता तिचा एक उंचवटा करावा. चढणे, घसरणे, लपणे हे सारे तेवढ्यात साधते. आवाराला एका बाजूस उतार ठेवावा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. सावलीतील एका कोपऱ्यात वाळू टाकावी, व मांजरे घाण करू नयेत म्हणून रात्री तीवर आच्छादन घालावे. पाण्याचे कुंड उथळ असावे, मुले असतील तोवर तेथे मोठे माणूस असावे, आणि डास होऊ नयेत यास्तव कुंड दर आठवड्यास उपसून कोरडे करावे. सावलीसाठी करंज व कडुनिंब, चढण्यासाठी चिंच, आंबा किंवा पेरू लावावा. शेवग्यासारखे ठिसूळ फांद्यांचे झाड मुलांच्या वाटेत नसावे. कण्हेर, बिट्टी, एरंड, धोत्रा व गुंज ही विषारी झाडे तर आवारात असूच नयेत. यांखेरीज नारळाच्या करवंट्या, बांबूचे तुकडे, दोर, ओंडके व गोणपाट यांचा एक ढीग असावा. या ढिगाचा उपयोग मुलांना कोणी सांगू नये.

राहता राहिली इजेची भीती. मूल पडले तर पालक जाब विचारतील, या धास्तीने शिक्षक खेळ बंद करतो, आणि त्याला दोष देणेही अन्यायाचे होईल. परंतु येथे एक भेद करावयास हवा. कुजलेली फांदी, वर आलेला खिळा, झाकण नसलेली विहीर हे मुलाला न दिसणारे धोके होत. ते दूर करणे मोठ्यांचे कर्तव्य आहे. झाडाची उंची मात्र मुलाला दिसते. किती चढावे हे ते स्वतः ठरविते, आणि तसे ठरविताच शहाणे होते. झोपाळ्याखाली वाळू किंवा लाकडाचा भुसा सुमारे ३० सेंटीमीटर जाड पसरला, की पडण्याची धार बोथट होते; सिमेंटवरील पडणे मात्र कोणत्याही नियमावलीने मऊ होत नाही. शिवाय वैशाखाच्या उन्हात लोखंडी घसरगुंडीवर हात टेकवून पाहावा, म्हणजे सुरक्षित म्हणून आणलेली वस्तू किती सुरक्षित आहे ते कळते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले. त्या क्रीडांगणात काय असावे, हे ठरविणे गावाच्या, पालकांच्या व शिक्षकांच्या हाती आहे. सिमेंट पुढेही घालता येईल. त्यासाठी घाई नको. मुलाची मातीत खेळण्याची वर्षे मात्र मोजकी असतात, आणि ती पुढील अंदाजपत्रकाची वाट पाहत थांबत नाहीत. यास्तव पटांगणाचा प्रश्न सभेच्या शेवटी न घेता आरंभी घ्यावा, आणि ठराव करण्यापूर्वी एखाद्या मुलाला तेथे अर्धा तास मोकळे सोडून ते कोणत्या कोपऱ्याकडे धावते, एवढे तरी पाहावे.